दुरुस्त झालेला अ‍ॅम्प पुन्हा का जळतो?

पत्र: मी कराडची, वय १९, बारावी सायन्स झाले. बाबांचा मंडप आणि साउंडचा व्यवसाय आहे. चार अ‍ॅम्प, दोन मिक्सर, बारा बॉक्स. माइकच्या केबली मीच सोल्डर करते. गेल्या गणपतीच्या आधी एक अ‍ॅम्प जळाला, साडेसहा हजार घालून दुरुस्त केला आणि विसर्जनाच्या दिवशी तो पुन्हा जळाला. हे काम मला नीट शिकायचं आहे. एका ठिकाणी साउंड इंजिनिअरिंगचा एक वर्षाचा कोर्स आहे, फी एक लाख साठ हजार. बाबा म्हणतात, त्यापेक्षा आयटीआय कर. काही जण म्हणतात, आता सगळं डिजिटल झालं, रिपेअरिंगला भविष्य नाही. शिवाय हे मुलीचं काम नाही, असंही ऐकते. काय करू?

उत्तर: तुझं पत्र वाचताना आम्ही सगळ्यात आधी थांबलो ते विसर्जनाला पुन्हा जळालेल्या अ‍ॅम्पपाशी. कोर्सचा निर्णय नंतर घेऊ. तो अ‍ॅम्प पुन्हा का जळाला हे कळलं, की काय शिकायचं आणि कुठे शिकायचं हे आपोआप ठरेल.

जड ट्रान्सफॉर्मरच्या अनेक अ‍ॅम्पमध्ये आउटपुटला ५२०० आणि १९४३ नंबरच्या ट्रान्झिस्टरच्या जोड्या असतात. त्यातली एक शॉर्ट झाली की फ्यूज जातो. सीझनच्या घाईत कारागीर शॉर्ट जोडी काढतो, नवी टाकतो, फ्यूज बदलतो आणि आवाज आला की बिल करतो. पण ट्रान्झिस्टर सहसा एकटा जात नाही. त्याच्या एमिटरला असलेला ०.२२ ओहमचा पांढरा सिमेंट रेझिस्टर ओपन होतो (आतून तुटतो), बेसचा रेझिस्टर करपतो, मागचा ड्रायव्हर (त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर) अर्धमेला होऊन बसतो. एमिटर रेझिस्टर ओपन राहिला तर ती जोडी नुसती बसवलेली असते, काम करत नाही. सगळा भार उरलेल्या जोड्यांवर. दुकानात हळू आवाजात गाणं लावून पाहिलं तर काहीच कळत नाही. मिरवणुकीत पूर्ण लोड आला, की उरलेल्या जोड्या एकामागून एक जातात.

दुसरं कारण बायसचं, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुटमधून वाहणाऱ्या मूळ करंटचं. हीटसिंकला (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांना) चिकटलेला एक छोटा ट्रान्झिस्टर असतो. हीटसिंक तापला की तो आउटपुटचा मूळ करंट कमी करतो. दुरुस्तीत हीटसिंक उघडताना तो निसटला आणि परत बसवायचा राहिला, तर अ‍ॅम्प जसजसा तापतो तसतसा करंट वाढत जातो, आणि करंट वाढला की तो आणखी तापतो. मग जळायला अर्धा तासही पुरतो.

तिसरं कारण नकली माल. ५२००-१९४३ च्या नकली जोड्या बाजारात भरपूर आहेत. फोडून पाहिल्या तर आत सिलिकॉनची चकती चिमुकली निघते. मीटरच्या डायोड मोडवर त्या अस्सल वाटतात, लोडवर टिकत नाहीत. पार्ट घ्यायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर प्रसिद्ध आहे. तिथेही पॉवर ट्रान्झिस्टर अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर घे. इतर पार्टमध्ये पाच-दहा रुपये वाचव, इथे नको.

चौथं कारण अ‍ॅम्पच्या बाहेर असतं, आणि तुझ्या बाबतीत आम्हाला त्याचाच सगळ्यात जास्त संशय आहे. एका चॅनेलवर ८ ओहमचे दोन बॉक्स पॅरलल लावले की ४ ओहम होतात, चार लावले की २. मिरवणुकीत "अजून एक जोडून टाक" असं होतंच. त्यात एखाद्या बॉक्सची कॉइल आतून शॉर्ट असेल तर अ‍ॅम्पला जवळजवळ तारच जोडल्यासारखं होतं. ८ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साधारण साडेपाच ते साडेसहा ओहम दाखवते. तीन-साडेतीन दाखवली तर तो बॉक्स बाजूला ठेव. मात्र मोजण्याआधी केबल काढ, आणि आत क्रॉसओव्हर (आवाजाचे खालचे-वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) असेल तर कॉइलचे टॅब मोकळे करून मोज, नाहीतर आकडा भलताच येतो. आणि गुलाल! फॅनच्या जाळीत आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये गुलाल बसला की हवा थांबते. थोडी ओल मिळाली की त्याची राप होते आणि ती नुसत्या फुंकरीने निघत नाही.

म्हणजे चार शक्यता आहेत आणि चारही तपासता येतात. पार्ट काढून नवा लावणं हा या कामाचा सोपा भाग आहे. पार्ट का गेला, हे शोधणं म्हणजे खरं काम. तुला शिकायचं आहे ते हे.

आता कोर्स. साउंड इंजिनिअरिंगच्या कोर्समध्ये माइक कुठे लावायचा, मिक्सिंग कसं करायचं, हॉलमध्ये आवाज कसा पसरतो, रेकॉर्डिंग कसं होतं हे शिकवतात. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेतला ध्वनीचा नामांकित अभ्यासक्रमही ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचाच आहे. ऑपरेटर किंवा रेकॉर्डिस्ट व्हायचं असेल तर असे कोर्स उपयोगी आहेत. ट्रान्झिस्टरचा बेस कुठला आणि त्यावर किती व्होल्टेज हवं, हे तिथे सहसा शिकवत नाहीत. एक लाख साठ हजार त्यात घालू नकोस.

बाबांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ट्रेड नीट निवड. इलेक्ट्रिशियन नव्हे, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक. इलेक्ट्रिशियनमध्ये वायरिंग, मोटर, पॅनेल येतं. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक दोन वर्षांचा आहे, पात्रता दहावी, आणि प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. डायोड, ट्रान्झिस्टर, ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारा आयसी), पॉवर सप्लाय, ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) हे सगळं हाताने करायला मिळतं, आणि सरकारी संस्थेत फी त्या कोर्सच्या मानाने किरकोळ. त्यानंतर अ‍ॅप्रेंटिसशिपचं एक वर्ष कर. मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीचा विचार असेल तर इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा जास्त चालतो. बारावी सायन्समुळे तुला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, पण नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचून घे. स्वतःचं टेबल मांडायचं असेल तर आमचं मत आयटीआयच्या बाजूने आहे.

पण आयटीआयमध्ये ऑडिओ फारसा येत नाही. तो घरच्या टेबलावर, रोज संध्याकाळी, आतापासूनच सुरू करायचा.

केबल सोल्डर करतेस म्हणजे सुरुवात झालेलीच आहे. आता ते काम तपासून घे. एक्सएलआरला (माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरला) पिन १ शील्ड, २ हॉट, ३ कोल्ड. सोल्डर ६३/३७ (कथिल-शिसं), जाडी ०.८ मिलिमीटर, ते १८३ अंशांना वितळतं. टेम्परेचर कंट्रोलचं सोल्डरिंग स्टेशन ३२० ते ३५० अंशांवर ठेव. जोड दोन-तीन सेकंदांत झाला पाहिजे. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर बिट लहान आहे किंवा काळी पडली आहे, तापमान वाढवून उपयोग नाही. केबलचा क्लँप तारेवर नव्हे, बाहेरच्या आवरणावर बसला पाहिजे. केबल सहसा सोल्डरपाशी तुटते ती क्लँप चुकल्यामुळे. अशा पन्नास केबली केल्यावर हात स्थिर होतो.

मग बाबांचा बिघडलेला मिक्सर घे. मिक्सरमध्ये ऑप-अ‍ॅम्पला प्लस-मायनस १५ ते १८ व्होल्ट असतात आणि फँटमला (माइकला दिल्या जाणाऱ्या पॉवरला) ४८, त्यामुळे शिकायला तो अ‍ॅम्पपेक्षा कितीतरी सुरक्षित. अंतर फक्त पॉवर सप्लायच्या भागापासून ठेव, तिथे २३० येतात. चॅनेल मुका असेल तर इनपुटला मोबाइलवरून १ किलोहर्ट्झचा सिग्नल दे आणि आकृतीप्रमाणे एकेक ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटला तो पोहोचतो का बघत पुढे जा. जिथे थांबला तिथे बिघाड. सिग्नल नसताना ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटला जवळजवळ शून्य डीसी हवा. तिथे १४-१५ व्होल्ट अडकलेले दिसले तर तो आयसी गेला आहे किंवा त्याच्या फीडबॅकचा रेझिस्टर ओपन आहे.

फेडरच्या (मिक्सरवर आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाच्या) खरखरीत एक गोम आहे. सगळे क्लीनर मारतात, चार दिवस बरं वाटतं, खरखर परत येते. अशा वेळी फेडरच्या दोन टोकांमधला डीसी मोज. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधीचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतो आहे. फेडर निर्दोष आहे. कपॅसिटर बदल. आणि गंजावर मारायचा स्प्रे फेडरमध्ये कधीही मारू नकोस. आतलं ग्रीस धुऊन जातं आणि कार्बनच्या पट्टीवर तेल बसतं, मग तो फेडर कायमचा गेला. इलेक्ट्रॉनिक्सच्या कॉन्टॅक्टसाठी असलेला क्लीनर आण, आणि पॅनेलवरून फवारण्यापेक्षा फेडर उघडून पट्टीवर लाव.

हमिंगची तक्रार आली तर कान लावून आधी सूर ओळख. खोल, गोल घूं म्हणजे बहुधा ५० हर्ट्झ. शील्ड तुटलं आहे किंवा अर्थिंगचा लूप झाला आहे, बिघाड केबलीत किंवा जोडणीत. जरा वरचा, करकरीत सूर म्हणजे १०० हर्ट्झ. फिल्टर कपॅसिटर सुकला आहे किंवा रेक्टिफायरपाशी (एसीचा डीसी करणाऱ्या भागापाशी) काही सुटलं आहे, बिघाड पेटीच्या आत. ऑसिलोस्कोपवर हे एका नजरेत दिसतं. ऑडिओसाठी २० मेगाहर्ट्झचा जुना सीआरओही (जुन्या पद्धतीचा ऑसिलोस्कोप) पुरतो, नव्या महागड्याची घाई करू नकोस. मीटर मात्र चांगला घे: ट्रू आरएमएस, डायोड आणि कपॅसिटन्स मोडचा, ६०० व्होल्ट कॅट थ्री लिहिलेला.

स्पीकर रिकोनिंग, म्हणजे स्पीकरची कॉइल आणि कोन बदलणं, हे वेगळं कसब आहे आणि तालुक्याच्या गावात त्याला वर्षभर मागणी असते. जवळच्या रिकोनिंगवाल्याकडे दोन-तीन महिने बसून हे येतं. जळालेली कॉइल टाकून देण्याआधी वाच. सगळीकडून सारखी काळी पडली असेल तर क्लिप झालेला (क्षमतेबाहेर ताणलेला) अ‍ॅम्प तास-दोन तास तिच्यावर चालला आहे. फक्त एका टोकाला काळी असेल तर तिच्यावर डीसी आला होता; त्याने कॉइल गॅपच्या (मॅग्नेटमधल्या फटीच्या) बाहेर ढकलली आणि बाहेर राहिलेला भाग थंड न होता जळाला. म्हणजे दोष अ‍ॅम्पचा, आणि अ‍ॅम्प न तपासता नवी कॉइल लावली तर तीही जाणार. गॅपमधला लोखंडाचा कीस मॅग्नेटमुळे फुंकून निघत नाही, चिकटपट्टी दुमडून आत फिरवावी लागते. कॉइल मधोमध बसवायला शिम (पातळ पट्ट्या) लावायचे, स्पायडर (कॉइलला धरणारी घडीदार चकती) आणि कोन चिकटवायचा, आणि गोंद वाळायला पूर्ण २४ तास द्यायचे. संध्याकाळी कार्यक्रम आहे म्हणून सहा तासांत शिम काढलेला स्पीकर घासतोच.

पॉवर अ‍ॅम्पला हात लावायचा तो सहा-आठ महिन्यांनी, आणि आधी टेबलाची सुरक्षितता. टेबलाच्या सप्लायला ३० मिलिअ‍ॅम्पचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच), खाली रबरी मॅट, हातात अंगठी-बांगडी नाही, केस बांधलेले. मोठ्या अ‍ॅम्पच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही ९० व्होल्टपर्यंत चार्ज राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो काढण्याची पद्धत वाईट; कपॅसिटरही खराब होतो आणि डोळ्यालाही धोका. १ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लाव. १०,००० मायक्रोफॅरडला ५० सेकंद पुरतात, मग मीटरने खात्री करून घे. हलक्या वजनाच्या, एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) अ‍ॅम्पमध्ये तर प्रायमरीला (मेनच्या बाजूला) ३२५ व्होल्ट डीसी असतात. त्या बाजूला अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय शिरायचं नाही. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप थेट अर्थला जोडलेली असते. ती आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय प्रायमरीला लावली तर स्फोटच होतो. स्कोपची अर्थ पिन कापून यावर उपाय करणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नकोस.

मग सिरीज बोर्ड. १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब अ‍ॅम्पच्या सप्लायला सिरीजमध्ये. एलईडी चालत नाही. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर चार्ज झाले, सगळं ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, आणि नवे ट्रान्झिस्टर वाचले. एसएमपीएसचे काही अ‍ॅम्प बल्बवर सुरूच होत नाहीत, टकटक करत राहतात. तो बिघाड समजू नकोस.

बाबांचा अ‍ॅम्प असा टेबलावर आला की क्रम हा. त्या चॅनेलच्या सगळ्या जोड्या, ड्रायव्हर आणि त्याआधीचे ट्रान्झिस्टर डायोड मोडवर तपास. सर्किटमध्ये आकडा संशयास्पद आला तर पाय मोकळा करून पुन्हा. सगळे एमिटर आणि बेस रेझिस्टर मोज. जोडी एकटी बदलू नकोस, त्या चॅनेलच्या सगळ्या जोड्या एकाच बॅचच्या टाक, म्हणजे भार सारखा वाटला जाईल. मायका (ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधला इन्सुलेशनचा पातळ तुकडा) फाटला असेल तर नवा, थर्मल पेस्ट पातळ. मग कलेक्टर ते हीटसिंक मीटर लावून शॉर्ट नाही ना, बघ. काही अ‍ॅम्पमध्ये मायका नसतोच आणि हीटसिंकवर पूर्ण व्होल्टेज असतं, म्हणून सर्व्हिस मॅन्युअल आधी वाच. बायसचा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला घट्ट बसव. सिरीज बोर्डवर, स्पीकर न जोडता चालू कर आणि आउटपुटचा डीसी मोज. २०-३० मिलिव्होल्टच्या आत हवा. १०० च्या वर असेल तर पुढे जाऊ नकोस. मग बल्ब काढून, अ‍ॅम्प पंधरा मिनिटं तापू देऊन बायस बघ. ०.२२ ओहमवर ५ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण २३ मिलिअ‍ॅम्प. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच लाव.

शेवटी डमी लोड, म्हणजे स्पीकरऐवजी लावलेले रेझिस्टर. ८ ओहम, १०० वॅटचे अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातले चार रेझिस्टर हीटसिंकवर बसव, दोन-दोन सिरीजमध्ये, त्या दोन जोड्या पॅरलल. पुन्हा ८ ओहमच होतात, पण ताकद ४०० वॅटची. त्यावर ४० व्होल्ट आरएमएस म्हणजे २०० वॅट. इथे अर्धा तास चाललेला अ‍ॅम्प मिरवणुकीत टिकण्याची शक्यता खरी, आणि शेजाऱ्यांना आवाजही नाही. ब्रिज मोडमधल्या (दोन चॅनेल जोडून एक केलेल्या) आणि काही क्लास-डी (स्विचिंग पद्धतीच्या) अ‍ॅम्पच्या आउटपुटची कुठलीच तार ग्राउंड नसते, तिथे स्कोपची क्लिप लावायची नाही.

टेम्पोतून फिरणाऱ्या सामानात एक बिघाड वारंवार दिसेल: ड्राय सोल्डर. ट्रान्सफॉर्मरचे पाय, मोठे कपॅसिटर, स्पीकॉनचे (स्पीकर केबलच्या कनेक्टरचे) सॉकेट अशा जड भागांच्या जोडांभोवती केसासारखी गोल भेग पडते. भिंगाशिवाय दिसत नाही. जुनं सोल्डर पूर्ण काढून नवा जोड दे, वरून थर चढवू नकोस. आणि एकाच रात्री तीन-चार यंत्रांचे सप्लाय एकदम गेले, व्हॅरिस्टर (जास्त व्होल्टेजपासून वाचवणारे पार्ट) फुटले, तर आत शोधत बसण्याआधी जनरेटरवाल्याला न्यूट्रलबद्दल विचार. न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात.

डिजिटलचं म्हणणारे अर्धे बरोबर आहेत. डिजिटल मिक्सरच्या मुख्य बोर्डावरची दुरुस्ती गावात बहुधा होणार नाही, बोर्डच बदलला जाईल. पण त्याच मिक्सरचा पॉवर सप्लाय, फेडर, सॉकेट, रिबन केबल, फॅन हे बिघडतच राहणार, आणि बोर्ड बदलायचा की पंचवीस रुपयांचा कपॅसिटर, हे सांगणारा माणूस लागतोच. क्लास-डी आणि एसएमपीएससाठी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी हॉट एअर आणि एसएमडीचं (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या बारीक पार्टचं) काम शिकून घे. ते येणारे कमी आहेत, म्हणून काम जास्त आहे.

मुलीचं काम नाही, याला तांत्रिक कारण आम्हाला एकही सापडत नाही. जुने अ‍ॅम्प ३० किलोंच्या वर जातात, ते उचलायला दोघं लागतात. पुरुष कारागीरही एकट्याने उचलून कंबर मोडून घेतात.

एक वही आजच कर. प्रत्येक यंत्रासाठी मॉडेल, तक्रार, उघडल्यावर मोजलेले आकडे, कारण, बदललेले पार्ट आणि दुरुस्तीनंतरचे आकडे. कारणाचा रकाना रिकामा असेल तर ते यंत्र परत द्यायचं नाही.

यंदा गणपतीची वाट पाहू नका, आषाढातच सगळं सामान टेबलावर घ्या. आणि तो अ‍ॅम्प पुन्हा दुरुस्तीला पाठवण्याआधी बाराही बॉक्सना नंबर घाल, प्रत्येकाची कॉइल मोज, विसर्जनाला त्या अ‍ॅम्पवर कोणते बॉक्स आणि किती होते हे बाबांना विचार आणि तो कागद अ‍ॅम्पसोबत दे. कारागिराला सांग की जुने पार्ट पिशवीत घालून परत हवेत, एमिटर रेझिस्टरसकट.